एकाच रक्ताचे दोन न्याय

दादा,

गेल्या आठवड्यात करंजाड्याला, तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, तू गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. गावाहून आलेले काका बोलले, तुझ्या ऑफिसातले दोघं बोलले. मग माईक माझ्यापुढे आला. "आता दादांच्या भगिनी प्रज्ञाताई दोन शब्द बोलतील." मी उभी राहिले, "माझा दादा" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बिचारीला भरून आलं. शेजारच्या मावशींनी पाठीवरून हात फिरवला.

भरून वगैरे काही आलं नव्हतं. खरं बोलायचं तर मला सांगावं लागलं असतं की गेली अडीच वर्षं मी या माणसाच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही. पांढऱ्या साड्या-सदऱ्यांतल्या माणसांसमोर हे बोलता येत नाही. म्हणून तुलाच लिहिते.

संशय घ्यायला मला तूच शिकवलंस, हे आधी सांगते. न्हावा शेवाला परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवायची कागदपत्रं तू करायचास. कागदावर फरश्या लिहिलेल्या आणि कंटेनरचं वजन मात्र हलकं, असं एकदा तुझ्या लक्षात आलं. साहेब म्हणाला, सही कर. तू म्हणालास, "फरश्या काय कागदाच्या हायत?" आणि सही केली नाहीस. आत काय निघालं ते तू घरी कधीच सांगितलं नाहीस, पण त्या आठवड्यात तुझ्या जागी सही करणारा माणूस पुढे ऑफिसात दिसला नाही. "कागदावर काय लिहिलंय ते कुणीपण वाचतं," तू म्हणायचास, "काय लिहिलेलं नाही ते वाचायचं."

बाबा गेले तेव्हा तू बारावीला होतास आणि मी सहावीत. तू कॉलेज सोडलंस, मी सोडलं नाही. माझ्या बी.एस्सी.च्या परीक्षेआधी तू लुंगी नेसून गॅलरीत जमिनीवर बसायचास आणि म्हणायचास, "मला समजव. मला कळलं तर तू पास." मी पेशी समजवायचे, श्वसन समजवायचे. तू मध्येच हात वर करायचास. "थांब. हे असंच होतं कशावरून? कुणी बघितलंय?" मी चिडायचे. पण आज नेरूळच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवताना एखादी मुलगी हात वर करून "कशावरून?" म्हणते, तेव्हा मला जो आनंद होतो तो तुझ्या गॅलरीतून आलेला आहे. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग तूच मला फसवलंस.

तुला डायबेटिस निघाला तेव्हा तू चाळिशीच्याही आत होतास. दहा-बारा वर्षं तू तो अंगाला लावून घेतला नाहीस. "गोळी घेतोय गं." "गोड तर कधीच सोडलं." एकदा मी तुझी स्कूटर घेऊन मार्केटला गेले, पिशवी ठेवायला डिकी उघडली, तर आत आंबा बर्फीचा बॉक्स. चारच वड्या उरलेल्या. मी तो आणून तुझ्यापुढे ठेवला. तू म्हणालास, "पाहुण्यांसाठी आणलेली." पाहुणे स्कूटरच्या डिकीत बसून खातात का, असं मी विचारलं. वहिनी हसली, तू हसलास, मी हसले नाही. त्या दिवशी माझ्या मनात तुझी फाईल बंद झाली. साखरेच्या बाबतीत दादा खोटं बोलतो. संपलं.

अडीच वर्षांपूर्वी दाढी करताना तुझ्या डाव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगायला लागले. पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि सांगितलं की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवल्यात, त्यातून रक्त झिरपतंय, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. तू रिपोर्ट घेऊन थेट माझ्याकडे आलास. "समजव." पुन्हा गॅलरीतलीच शाळा, फक्त आता आपण माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी होतो आणि वहिनी चहा ओतत होती.

मी कागदावर डोळा काढला. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, असं सांगितलं. पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो. मग तो हाक मारतो, एक रसायन सोडतो की रक्तवाहिन्या पाठवा. आणि त्या येतात, पण घाईघाईत आलेल्या, कच्च्या. गळतात, फुटतात. इंजेक्शन त्या रसायनाला धरून ठेवतं, म्हणजे हाक ऐकूच जात नाही.

"म्हणजे हाक माझ्याच डोळ्यानं मारली?"

"हो."

"आणि मदतीला आले तेच घर फोडतायत."

मग मी तुला त्या पेशींबद्दल सांगितलं. हे बारावीच्या पुस्तकात नाही, मी तुझ्यासाठी वाचून काढलं होतं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर ज्या पेशींचं असतं त्या कायम रक्ताच्या काठावर राहतात. ऑक्सिजन हवा तेवढा. तरीही ऊर्जेसाठी त्या तो फारसा वापरत नाहीत, साखर फोडूनच भागवतात. कारण नवी वाहिनी काढायची वेळ आली की त्यांना नेमकं जिथे ऑक्सिजन नाही तिथेच घुसायचं असतं. तिथे ऑक्सिजनवर अवलंबून राहणारी पेशी काय कामाची?

तुला हे फार आवडलं. कप खाली ठेवून तू बराच वेळ त्या चित्राकडे बघत होतास. मग म्हणालास, "साखरेवर जगणाऱ्या पेशी, आणि माझ्या रक्तात साखरच साखर. माजल्या असतील."

मी म्हटलं, इतकं सोपं नाही. जास्त साखरेनं पेशीच्या आतला कारभारच बिघडतो.

"कसा बिघडतो?"

मी माहीत होतं तेवढं सांगितलं. ते पुरेसं नव्हतं, आणि ते तुझ्या लक्षात आलेलं मला दिसलं.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात यार्डात घालायला तुला नवे सेफ्टी शूज मिळाले. उजव्या पायाला फोड आला. तुला कळलाच नाही, कारण पायाची संवेदना आधीच कमी झालेली. मोजा रक्तानं चिकटला तेव्हा वहिनीनं बघितला. खारघरच्या पायाच्या सर्जननी सांगितलं, जखम भरायला नव्या बारीक रक्तवाहिन्या लागतात, त्या इथे तयारच होत नाहीयेत. दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या तू मला फोन केलास.

"प्रज्ञे, एक डॉक्टर म्हणतो वाहिन्या नको तितक्या वाढल्या. दुसरा म्हणतो वाढतच नाहीत. रक्त एकच हाय ना? दोघातला एक खोटं बोलतोय."

"दोघं खरं बोलतायत. एकाच आजारात दोन्ही होतं. डोळ्यात हाक फार मोठी आणि पायात हाक क्षीण. जी ऐकू येते तिला पेशी नीट ओ देत नाहीत."

"एकाच रक्ताचे दोन न्याय. का?"

"त्यावर लोक अजून काम करतायत."

"म्हणजे तुलापण माहीत नाही."

"पूर्ण नाही."

आठ दिवसांनी तू पुन्हा फोन केलास. या वेळी आवाज खाली आणलेला, ऑफिसात कुणी ऐकेल या भीतीनं. "डोळ्यातलं इंजेक्शन वाहिन्या वाढू देत नाही. बरोबर? मग ते डोळ्यातच थांबतं कशावरून? पायापर्यंत गेलं तर? पाय त्याच्यामुळं भरत नसेल तर?"

मी हसले.

मला तुझा प्रश्न मूर्खपणाचा वाटला नाही, हे आज कबूल करते. वर्गात कुणी हा प्रश्न विचारला असता तर मी फळ्यावर लिहिला असता. पण तू विचारलास, आणि मला त्या प्रश्नामागे बर्फीचा बॉक्स दिसला. वाटलं, हा सुटायला वाट शोधतोय. उद्या म्हणेल, पाय माझ्यामुळे नाही, डॉक्टरमुळे गेला.

"दादा, औषध एवढंसं असतं."

"एवढंसं म्हणजे शून्य नाय."

"कारणं शोधू नकोस. जिभेवर ताबा ठेव. पाय इंजेक्शननं नाही, तुझ्या खाण्यानं बिघडलाय."

तू फोन ठेवलास.

त्याच्या कितीतरी आधीपासून, डोळ्याचं निघाल्यापासूनच, तू रोज सकाळी मला उपाशीपोटीची शुगर मेसेजवर पाठवत होतास. नुसता आकडा. ११८. १२२. ११५. मी त्यावर प्रश्नचिन्ह पाठवायचे. दहा-बारा वर्षं बेफिकीर असलेल्या माणसाची शुगर अशी सुतासारखी सरळ येते? तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्टही चांगला आला तेव्हा मी म्हटलं, डायबेटिसनं किडनीही बिघडलीय, त्यामुळे तुझं रक्त कमी झालंय, रक्त कमी असलं की हा रिपोर्ट उगाच चांगला दिसतो. माझं म्हणणं शास्त्राला धरून होतं. माझ्या संशयाला नेहमी शास्त्राचा आधार असायचा, तीच तर पंचाईत होती. आकडे चांगले आणि डोळा बिघडतोय, पाय बिघडतोय. म्हणजे आकडे खोटे. आणखी काय?

मग तू एक इंजेक्शन चुकवलंस. कुणाला न सांगता. वहिनीला म्हणालास, डॉक्टरबाई रजेवर आहेत. तीन आठवड्यांनी डाव्या डोळ्यापुढे लाल पडदा आला आणि त्या डोळ्यानं दिसायचं बंद झालं. वहिनीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजातून तशीच निघाले. तू सोफ्यावर पाय स्टुलावर ठेवून बसला होतास, पट्टी बांधलेला. मी चप्पलसुद्धा नीट काढली नाही.

"कुणी सांगितलं तुला इंजेक्शन सोडायला?"

"पाय वाचतो का बघत होतो."

"वाचला?"

"नाय."

"मग आता डोळाही गेला. खूश?" आणि मी टेबलावरचं शुगरचं मशीन उचललं. "बोट दे. माझ्यासमोर."

वहिनी म्हणाली, "ताई, असू दे ना आता." मी ऐकलं नाही. तू बोट पुढे केलंस. १२१ आली. चहा-नाश्ता होऊन दोन तास झालेले, तरी १२१. आणि मी, तू शिकवलेली, तू वाढवलेली, काय म्हणाले आठवतं? "आज मी येणार हे माहीत होतं ना तुला."

तू माझ्याकडे उजव्या डोळ्यानं बघितलंस. "तू कस्टममध्ये पाहिजे होतीस," म्हणालास. गंमत म्हणून नाही.

नंतर तू इंजेक्शनं घेतलीस. डोळ्यातलं रक्त ओसरलं, थोडं दिसायला लागलं. पायाची दोन बोटं काढावी लागली. आपण बोलत होतो, पण पोह्यांवर, पाहुण्यांवर, तुमच्या सोसायटीच्या पाण्यावर. पेशींवर पुन्हा कधी बोललो नाही. रोजचा आकडा यायचा. मी प्रश्नचिन्ह पाठवणंही बंद केलं होतं, नुसतं बघून सोडायचे. तेच जास्त वाईट होतं, हे आता कळतं.

आणि त्या मंगळवारी सकाळी मोजा घालता घालता तू खुर्चीतच कलंडलास. हार्ट. वहिनी म्हणते, आवाजसुद्धा झाला नाही.

दादा, आता जे सांगते ते करताना मला लाज वाटली नव्हती. लाज नंतर आली. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी वहिनीनं तुझं शुगरचं मशीन माझ्या हातात दिलं, कुणा गरजूला द्या म्हणाली. तू जाऊन थोडेच दिवस झालेले आणि मी काय केलं असेल? त्याची मेमरी उघडली. मशीनमध्ये गेल्या सव्वा वर्षाचे आकडे होते. तुमच्याच बेडरूममध्ये, तुझ्या पलंगावर बसून मी एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातात तुझे मेसेज धरून तारखा लावत गेले. तुझा खोटेपणा एकदाचा पकडायचाच होता मला. तू गेल्यावरही.

११८ ला ११८. १२२ ला १२२. सगळे खरे. पावसाळ्यातले खरे, तुझ्या चुलत पुतण्याच्या लग्नातले खरे. मी ज्या दिवशी तुझं बोट टोचलं त्याच्या आदल्या दिवशीचा आणि दुसऱ्या दिवशीचा, दोन्ही खरे.

आणि मग एक खोटा सापडला. मशीनमध्ये ९१ होती, तू मला १११ पाठवली होतीस. पुढे आणखी एक: ८८ ची तू १०८ केलेली. असे दहा-अकरा निघाले. ज्या ज्या दिवशी शुगर फार चांगली आली, त्या त्या दिवशी तू मला ती वाढवून सांगितलीस.

मला काही कळेना. मशीन घेऊन स्वयंपाकघरात गेले. वहिनी तांदूळ निवडत होती. तिनं स्क्रीनकडे बघितलंही नाही.

"मी विचारलेलं त्यांना," ती म्हणाली. "असं उलटं का लिहिता म्हणून. तर म्हणाले, एवढं चांगलं सांगितलं तर प्रज्ञा म्हणेल थापा मारतोय. थोडं वाढवलं की तिला पटतं."

"वहिनी, तू मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला विचारलं कधी, ताई?" तिचा स्वर रागाचा नव्हता. "तुम्ही त्यांनाच विचारायच्या. आणि त्यांचं तुम्हाला पटायचं नाही."

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

परवा मी वहिनीला घेऊन पनवेलला त्या डॉक्टरबाईंकडे गेले. आपला राहिलेला वाद मिटवायचा होता, आणि अजूनही माझ्या मनात खोट होती. मला वाटत होतं, कुणीतरी दोषी सापडेल. डॉक्टरबाईंनी तुझी फाईल काढायला सांगितली नाही, तुला त्या ओळखत होत्या. मी विचारलं, शुगर खरंच ताब्यात होती, मग डोळा आणि पाय बिघडत का गेले?

त्या म्हणाल्या, "पेशींना जुन्या साखरेची आठवण राहते. रक्तवाहिनीच्या पेशी बरीच वर्षं जास्त साखरेत राहिल्या की त्यांच्यावर खुणा उमटतात. नंतर साखर उतरली तरी त्या बराच काळ जुन्याच सवयीनं वागतात. आज केलेलं पथ्य वाया जात नाही, पण मागचं लगेच पुसलं जात नाही."

मी हे वाचलेलं होतं, दादा. तुझ्यासाठी वाचन करत होते तेव्हाच वाचलं होतं. मग मला ते आठवलं का नाही? कारण त्याची गरज नव्हती. माझ्याकडे बर्फीचा बॉक्स होता ना.

मग मी तुझा प्रश्न विचारला. डोळ्यातलं औषध पायापर्यंत जातं का?

"थोडं रक्तात उतरतं," त्या म्हणाल्या. "फार थोडं. त्यानं पायाचं नुकसान होतं असं मी म्हणणार नाही. अजिबात होऊच शकत नाही, असंही ठामपणे म्हणणार नाही. तुमच्या भावानं मला हे विचारलं होतं."

"तुम्हाला?"

"हो. मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे, मी पायाच्या डॉक्टरांशी बोलते आणि मग आपण ठरवू. तर म्हणाले, थांबा मॅडम, माझी बहीण बायोलॉजी शिकवते, आधी तिला विचारून येतो. त्यानंतर ते आलेच नाहीत, एकदम डोळ्यात रक्त उतरल्यावर आले." मग त्या माझ्याकडे वळल्या. "विचारलं का त्यांनी तुम्हाला?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. नाही म्हणणं सोपं होतं. कुणालाच कळलं नसतं, तुझ्याशिवाय.

"विचारलं," मी म्हटलं. "मी हसले."

डॉक्टरबाईंनी दिलासा दिला नाही, ते बरं केलं. पायानं हृदयापर्यंत काय पोचवलं, इंजेक्शन वेळेवर घेतलं असतं तर काय झालं असतं, मी हसले नसते तर तू त्यांच्याकडे परत गेला असतास का, यातलं काहीही मला आता कळणार नाही. तुझा प्रश्न अजून उघडा आहे. माझी चूक मात्र तशी नाही, ती पक्की आहे. तू खरं बोलत होतास आणि मी खोटं समजत होते. मला माफ कर म्हणायला मी फार उशीर केला, तरी म्हणते.

निघताना बाईंनी विचारलं, "घरात शुगर आहे. तुमचे डोळे शेवटचे कधी तपासले?"

कधीच नाही. दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात माझे राहून गेले होते. त्यांनी मला बसवलं, डोळ्यांत थेंब घातले, मागचा पडदा बघितला. "सध्या ठीक आहे," म्हणाल्या. "पण रक्ताची शुगर या आठवड्यात तपासा. आणि दरवर्षी या."

बाहेर आलो तर दुपारचं ऊन. थेंबांमुळे बाहुल्या मोठ्या झालेल्या, समोरचं सगळं पांढरंफटक. रिक्षा, माणसं, रस्त्याची कड, काहीच उमजेना. वहिनीनं माझं कोपर धरलं. तुला इतके महिने असंच आणत-नेत होती ती, त्यामुळे तिच्या हाताला घाई नव्हती.

"इथे दोन पायऱ्या आहेत, ताई," ती म्हणाली. "टाका पाय."

मला एकही पायरी दिसत नव्हती. मी पाय टाकला.